लेखन उघडे, नाव झाकलेले

चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेला 'लायन-५बी' नावाचा एक प्रचंड संच आहे. त्यात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्या चित्रांसोबतच्या ओळी आहेत. २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने त्याचा ०.०००१ टक्क्यांहूनही कमी भाग तपासला. तेवढ्यात ब्राझीलमधल्या मुलांचे १७० आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे १९० फोटो सापडले. त्यांतले बरेचसे घरच्यांनी किंवा शाळांनी कौतुकाने कुठल्याशा ब्लॉगवर टाकलेले होते, आणि टाकले तेव्हा ते पाहणारी माणसे मोजकीच होती. एका फोटोखाली दोन चिमुकल्यांची पूर्ण नावे, वये आणि पर्थमधल्या त्यांच्या बालवाडीचे नाव होते. ही ओळ आपल्या शिक्षकांना अनोळखी वाटू नये. नाव, इयत्ता, शाळा, तालुका, जिल्हा अशी ओळ शाळेच्या ब्लॉगवर विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधाखाली आपण स्वतः टंकतो. तीच ओळ यापुढे टंकू नये, एवढेच या अंकात सुचवायचे आहे. मुलांचे लेखन जगापुढे जावे, पण टोपणनावाने जावे, आणि त्या नावामागे कोण आहे हे जगाला सांगायचे की नाही, याचा निर्णय त्या मुलाने मोठेपणी घ्यावा.

मुलांनी ब्लॉग लिहूच नयेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. वहीतला निबंध एकच माणूस वाचतो, तोही हातात लाल पेन घेऊन. खरा वाचक समोर असला की मूल वेगळे लिहिते, हे शिक्षणशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२०च्या दशकात आपल्या खेडेगावच्या वर्गात छापखाना आणला, मुलांकडून त्यांचेच मजकूर छापून घेतले आणि दूर ब्रिटनीतल्या एका शाळेशी त्यांची देवाणघेवाण सुरू केली. आपल्याकडच्या भित्तिपत्रकांनी आणि हस्तलिखितांनीही तेच काम केले. फरक इतकाच, की त्या सगळ्यांचा वाचक कोण हे ठाऊक होते. भित्तिपत्रक महिन्याने उतरत असे आणि हस्तलिखित कपाटात जात असे. ब्लॉगवरचा मजकूर उतरत नाही, तो शोधता येतो, त्याच्या प्रती निघतात, आणि मूळ पान पुसले तरी प्रती उरतात.

यातही फोटोपेक्षा लेखन अधिक उघडे पाडणारे असते, आणि याकडे आपले लक्ष जवळजवळ नसते. आपले निबंधाचे विषय आठवावेत: माझे बाबा, माझी आई, माझे गाव, माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग. जी शिक्षिका वर्गाला पाठ केलेल्या साच्यातून बाहेर काढून मनातले लिहायला लावते, तिच्या वर्गात वडिलांचे पिणे येते, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीकडे काढलेले महिने येतात, सावकार येतो, बहिणीचे मोडलेले लग्न येते. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने हे यशच. पण ते आहे त्या नावानिशी प्रसिद्ध झाले, की मुलासोबत त्याचे सगळे घर चव्हाट्यावर येते, आणि घरातल्यांना कुणी विचारलेलेही नसते. बारा वर्षांच्या मुलीने आईच्या आजारपणावर लिहिलेला सुंदर परिच्छेद तिच्या बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या किंवा सोयरिकीच्या वेळी, कुणी नाव टाकून शोधला तर? लिहिताना तिने हा वाचक गृहीत धरला नव्हता, तो आपण परस्पर तिच्या माथी मारला. मग काही शिक्षक सुरक्षित विषय निवडू लागतात आणि ब्लॉगवर 'पावसाळ्यातील एक दिवस' शंभराव्यांदा उगवतो. हीही हानीच आहे, फक्त तिची तक्रार कुणी करत नाही.

टोपणनाव हा यावर पळपुटा तोडगा आहे का? पुरावा उलट सांगतो. २००९ च्या जानेवारीत स्वात खोऱ्यातली सातवीतली मुलगी तालिबानच्या धाकातल्या शाळेची रोजनिशी बीबीसी उर्दूसाठी लिहू लागली, ती 'गुल मकई' या नावाने. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या जेवणाचे फोटो आणि त्यांना दिलेले गुण 'नेव्हरसेकंड्स' या ब्लॉगवर मांडायला घेतले, तेही टोपणनावाने. स्थानिक कौन्सिलने फोटो काढायला बंदी घातली आणि जगभर गदारोळ होताच ती मागे घेतली. पुढे दोघींची नावे जगजाहीर झाली, पण वाचकांपर्यंत लेखन आधी पोहोचले होते. मराठीला तर हे नव्याने पटवण्याची गरज नाही. गडकऱ्यांची कविता गोविंदाग्रजांच्या नावावर आहे, शाळामास्तर असलेल्या अत्र्यांनी 'झेंडूची फुले' केशवकुमार होऊन उधळली, आणि नारायण मुरलीधर गुप्ते यांनी तर 'बी' या एका अक्षरावर भागवले. टोपणनाव निवडणे हा मुलांसाठी भाषेचा आनंददायक तासही होऊ शकतो.

सर्वांत वजनदार आक्षेप कौतुकाचा आहे. छापून आलेले स्वतःचे नाव मुलाला केवढे बळ देते, त्यातही आडगावच्या, पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला! हे खरे आहे, आणि म्हणूनच ते नाव त्याला जिथे माणसे ओळखतात तिथे पुरेपूर द्यावे: परिपाठात, भित्तिपत्रकावर, घरी न्यायच्या छापील प्रतीवर. पुण्यातल्या किंवा पोर्तुगालमधल्या अनोळखी वाचकाला कळलेल्या आडनावाने मुलाच्या आनंदात काय भर पडते? भर पडते ती शाळेच्या प्रसिद्धीत. शिष्यवृत्तीच्या फ्लेक्सपासून प्रवेशाच्या जाहिरातीपर्यंत मुलांची नावे आणि चेहरे शाळांचे भांडवल झाले आहेत, हे कटू असले तरी आपल्यातच बोलायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की निनावी लिहिणारा बेजबाबदार होतो. पण इथे निनावी कुणीच नाही. कोणत्या टोपणनावामागे कोण आहे हे शिक्षकाला ठाऊक असते, ती यादी शाळेच्या कपाटात असते, आणि प्रसिद्धीआधी मजकूर शिक्षक वाचतोच. मुले तशीही इन्स्टाग्रामवर आहेत, या युक्तिवादाला फार वेळ देण्याचे कारण नाही. मूल रस्त्यावर खेळते म्हणून शाळेने कुंपण काढावे, असे आपण म्हणत नाही.

राहिली संमती. प्रवेशाच्या दिवशी पालकांनी अर्जाच्या गठ्ठ्यात केलेली एक सही म्हणजे संमती, असा अनेक शाळांचा समज आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा न्यायमूर्ती कौल यांनी मुलांच्या डिजिटल पाऊलखुणांचा स्वतंत्र विचार केला होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आणि पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक केली. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नियमांत शिक्षणसंस्थांना काही सवलत आहे, ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या देखरेखीपुरती. प्रसिद्धीला ती लागू होते असे समजू नये. कायद्याच्या पलीकडचा प्रश्न असा, की वर्गशिक्षिकेने पुढे केलेल्या कागदावर सही करायला कोणता पालक नकार देईल? बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने पीडित किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा आणि छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. मूल कशाकशातून ओळखू येते, याची ती तयार यादी आहे. ब्लॉगवर काय टाकू नये हे ठरवायला इतर मुलांसाठीही तीच वापरावी.

मुलांचे फोटो चढवण्याचे आदेश वरूनच येतात, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने शिक्षकांना विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीत चढवायला सांगितले होते. शिक्षकांच्या विरोधामुळे ते बारगळले, हेही लक्षात ठेवावे. प्रत्येक उपक्रमाच्या अहवालाला चेहऱ्यांचा पुरावा लागतो असे नाही. मुलांच्या हातातली वही, फळा, पाठमोरा वर्ग यांनीही उपक्रम झाल्याचे सिद्ध होते, आणि केंद्रप्रमुखांनी हे मान्य करायला कुठल्या शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

एक व्यावहारिक मुद्दा मात्र तातडीचा आहे. आपल्याकडचे बहुतेक शाळा-ब्लॉग एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खाजगी जीमेल खात्यावर उघडलेले असतात. शिक्षकाची बदली होते, ब्लॉग तसाच राहतो, आणि काही वर्षांनी माजी विद्यार्थी आपला मजकूर काढा म्हणून आला, तर शाळेत कुणाकडेही पासवर्ड नसतो. तेव्हा ब्लॉगचे खाते शाळेच्या नावे करून घ्यावे, कार्यभार सोपवताना चाव्या आणि दप्तराबरोबर त्याचीही नोंद व्हावी, आणि जुन्या निबंधांखालची नावे या उन्हाळी सुट्टीत काढून टाकावीत. ज्या शिक्षकांची बदली आधीच झाली आहे, त्यांनी जुन्या शाळेत एक फोन करावा. ते खाते अजून त्यांच्याच मोबाइलमध्ये उघडे असण्याची शक्यता दाट आहे.