इंजिनाआधी टाकी!

आपण मेकॅनिकलवाले इंजिनाच्या प्रेमात असतो. टॉर्क, एफिशियन्सी यावर पानेच्या पाने भरतो, पण ते इंजिन ज्या टाकीतून पितं तिच्याकडे कोण बघतो? माझं तर स्पष्ट मत आहे, की शिडाच्या बोटीने लांबच्या सफरीला निघणाऱ्याने इंजिनाआधी डिझेलची टाकी समजून घ्यावी.

शिडाच्या बोटीला डिझेल कशाला, असं कुणी विचारेल. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडांच्या जोरावर. पण वारा पडला, बंदरात शिरायचं असलं किंवा बॅटऱ्या चार्ज करायच्या असल्या, की अशा बोटींना डिझेल इंजिन लागतंच. आणि भर समुद्रात पेट्रोल पंप नसतो!

खरा शत्रू म्हणजे पाणी. झाकणाची रबरी रिंग झिजली की ते आत शिरतं, थोडं दमट हवेतूनही जमतं. डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. दोघांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि गाळ साचतो. शांत पाण्यात काहीच कळत नाही. लाटा उठल्या की टाकी ताकासारखी घुसळली जाते, गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद! तेही कधी, तर बंदराच्या तोंडाशी, खडक जवळ असताना. शिव्या मात्र इंजिनाला.

काही जण म्हणतील, आता डिझेल मोजायला काटा असतो की. पण बोटीची टाकी तळाच्या आकाराप्रमाणे खाली निमुळती असते. काटा अर्ध्यावर म्हणजे डिझेल अर्धं नव्हे. शिवाय बोट कलली की काटाही खोटं बोलतो. त्यापेक्षा रिकाम्या टाकीत १०-१० लिटर ओतत काठीवर खुणा कराव्यात. इंजिन किती तास चाललं ते वहीत लिहावं. तासाला ३ लिटर धरले, तर ४० तासांत १२० लिटर गेले. हिशेब सोपा आहे. एक भाग जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी, हा जुना नियम आजही शहाणपणाचा.

भरतानाही घाई नको. डेकवर पाण्याचं आणि डिझेलचं झाकण शेजारी असू शकतं, आधी नाव वाचा. टाकी काठोकाठ भरू नका. २०० लिटर डिझेल १० अंशांनी तापलं तर सुमारे दीड लिटर फुगतं आणि व्हेंटमधून समुद्रात सांडतं. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी नियमित काढा, जादा फिल्टर जवळ ठेवा.

यातलं काहीच महाग नाही, म्हणूनच कदाचित कुणी करत नाही. आपल्या होस्टेलच्या जनरेटरलाही हेच लागू. परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेल्यावर टाकीत डोकावण्यापेक्षा आजच काठी घालून बघूया ना!