ब्रेक्झिट : बहुमत जिंकले, हक्कांचे काय?

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. 'आपला कारभार आपल्या हाती' ही घोषणा जिंकली. पण कारभार कोणाच्या हाती आला?

पुढच्याच महिन्यात इंग्लंड-वेल्समध्ये वंश-धर्मद्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होती. २०१८ च्या कायद्याने युरोपीय संघाची मूलभूत हक्कांची सनदच ब्रिटिश कायद्यातून वगळली. तिथे एकसंध लिखित संविधान नाही. संसदेचे साधे बहुमत हक्क देते, तेच काढूनही घेते.

याच संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा समावेश करणे सरकारला बंधनकारक केले होते. २०१८ साली सरकारने त्यातून अंग काढून घेतले. हा ब्रेक्झिटचा परिणाम नव्हे, पण दुखणे एकच.

कोणी म्हणेल, लोकांनीच ठरवले, मग तक्रार कशाची? लोकमताचा आम्ही आदर करतो. पण अल्पसंख्याकांचे हक्क मतमोजणीवर सोडायचे नसतात, म्हणून तर बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांना संविधानाचे कुंपण घातले. 'जनतेचा कौल' म्हणून कोणी त्या कुंपणाला हात घालू लागला, तर मित्रहो, आधी ब्रिटनकडे बघा.

जय भीम!