पारव्याचे बिऱ्हाड आणि घरातला खोकला

उन्हाळा लागला की एसी सुरू करण्याआधी कोणीतरी खिडकी उघडते आणि मागच्या फटीत काटक्या दिसतात. दोन पांढरी अंडी, केरसुणीच्या काड्या, वायरचा एखादा तुकडा आणि सगळ्यावर सुकलेल्या विष्ठेचा थर. मग घरात दोन तट पडतात. आजी म्हणतात, "अंडी आहेत, हात लावू नका." मुलगा जिन्यात चिकटवलेल्या जाळीवाल्याच्या नंबरवर फोन लावतो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, कल्याणच्या जुन्या इमारतींत, डोंबिवलीच्या चार मजली सोसायट्यांत हा प्रसंग इतका नेहमीचा झाला आहे की त्यात वैद्यकीय असे काही असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. पण त्या घरात कोणी सहा-आठ महिने कोरडे खोकत असेल, तर त्या खोकल्याची चौकशी एसीच्या मागच्या फटीपासून सुरू व्हायला हवी.

पारवा हा मुळात कड्याकपारींतला पक्षी. किल्ल्यांचे बुरूज, जुन्या बांधीव विहिरी, देवळांची शिखरे ही त्याची पूर्वीची ठिकाणे. झाडावर तो सहसा घरटे करत नाही, त्याला आडवी कोरडी कपार लागते. आपण बांधलेल्या इमारती त्याच्या दृष्टीने कडेच आहेत. बाथरूमचे डक्ट, ड्राय बाल्कनी, खिडकीवरचा छज्जा, बाहेर लटकणारे एसीचे यंत्र या सगळ्या कपारी आणि वर पाऊस लागत नाही. एका वेळी दोन अंडी, साधारण सतरा-अठरा दिवस उबवण, मग महिनाभर पिलांचे संगोपन. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखे दाट खाद्य तयार होते आणि सुरुवातीला पिले त्यावरच वाढतात. दाणे मुबलक असतील तर वर्षात पाच-सहा वेळा हा संसार मांडला जातो. अनेकदा पहिली पिले उडायच्या आत शेजारच्या कोपऱ्यात पुढची अंडी पडलेली असतात. देशभरातील पक्षी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये जो अहवाल तयार झाला, त्यात बऱ्याच पक्ष्यांची संख्या घटलेली दिसते. पारवा मात्र वाढलेल्यांच्या यादीत आहे.

आता आजाराविषयी. पारव्याच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीत काही प्रथिने असतात. विष्ठा सुकते, तिचा चुरा होतो आणि पंख फडफडले की तो उडतो. हे कण इतके बारीक असतात की नाकात न अडकता फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा मात्र या प्रथिनांशी लढायला उभी राहते आणि लढाई फुप्फुसातच होत असल्याने सूज तिथेच येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. बुरशी लागलेला गवताचा पेंढा हाताळणाऱ्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांत असा आजार १९३२ मध्ये नोंदवला गेला, कबुतरे पाळणाऱ्यांत तो १९६५ मध्ये अमेरिकेत वर्णिला गेला. नावात 'न्यूमोनायटिस' असले तरी हा जंतूंचा आजार नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि अँटिबायोटिकने बरा होत नाही. पारव्याच्या विष्ठेतून बुरशीचा संसर्गही होऊ शकतो, पण तो धोका मुख्यतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे अशांना. रोजच्या व्यवहारात त्याहून महत्त्वाचा हा न्यूमोनायटिसच.

तो दोन तऱ्हांनी येतो. एकदम खूप धूळ नाकात गेली, म्हणजे वर्षभराची अडगळ आणि घरटे एका रविवारी झाडून काढले, तर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, अंगदुखी. दोन दिवसांत उतरते आणि 'व्हायरल' म्हणून विसरले जाते. दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण तिला आवाज नाही. रोज थोडी थोडी भुकटी आत जात राहते. आधी कोरडा खोकला, मग दोन जिने चढल्यावर दम, मग एका जिन्यावर. वजन थोडे उतरते. माणूस म्हणतो, वय झाले.

रुग्णालयात येणारे चित्र साधारण ठरलेले आहे. पन्नाशीच्या पुढची गृहिणी, विडी-सिगारेटचा संबंध नाही, दिवसाचे वीस तास घरात, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. (हा आजार धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो हे खरे आहे, पण त्यावरून कोणी सिगारेटची बाजू घेऊ नये, तिचे स्वतःचे हिशेब वेगळे आहेत.) बाईंच्या खोकल्याला आधी रस्त्यांच्या खोदकामाची धूळ कारण ठरते. डोंबिवलीत असेल तर एमआयडीसी. ज्या शहराने २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहिला, तिथे लोकांनी हवेला दोष दिला तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत. मग दमा म्हणून पंप सुरू होतो. गुण येत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये थोडे काही दिसते किंवा दिसतही नाही, तेव्हा शंका क्षयाची. थुंकीत जंतू नसतानाही क्षयाची औषधे सुरू झालेले रुग्ण असतात. क्षयाचे प्रमाण आपल्याकडे इतके आहे की तो शोधायलाच हवा. पण तपासणीत क्षय सापडत नसेल, तर पुढचा प्रश्न विचारला जायला हवा आणि तो बहुधा विचारला जात नाही.

प्रश्न साधा आहे. घराच्या आसपास कबुतरे आहेत का? सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मिनिटे किती येतात हे सर्वांना माहीत आहे, तरीही या प्रश्नाला दहा सेकंद पुरतात. आठ आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर धूम्रपानाच्या रकान्याखाली पक्ष्यांचाही एक रकाना छापावा. सोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, घरात कूलर आहे का आणि ओल आहे का. कारण सगळे खापर पारव्यावर फोडणेही चूक ठरेल. देशातील २७ केंद्रांतल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुस कडक करणाऱ्या आजारांपैकी जवळपास निम्मे रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले आणि त्यांत सर्वाधिक आढळलेला संपर्क होता तो एअर कूलरचा. पक्षी होतेच, पण एकटे नव्हते.

घरच्यांनाही काही खुणा ओळखता येतात. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असतो. बसल्या जागी आकडा ९७ आणि दोन जिने चढून आल्यावर ८८, असे होत असेल तर ते वय नव्हे. गणपतीला पंधरा दिवस कोकणात गेल्यावर खोकला उतरतो आणि परत आल्यावर आठवड्यात पुन्हा सुरू होतो, हीसुद्धा खूण. तिच्यावरून पारवा, कारखान्याचा धूर आणि घरातली ओल यांत निवाडा होत नाही, पण कारण घराभोवती आहे एवढे कळते. पुढे छातीचा एचआरसीटी हा सीटी स्कॅन लागतो. त्यात फुप्फुसाचे चित्र बरेच काही सांगून जाते.

वेळेत कळले तर यात करण्यासारखे पुष्कळ आहे. सूज ताजी असताना संपर्क तुटला तर फुप्फुस बहुतांशी सावरते. स्टेरॉइडने सूज उतरते. पण संपर्क चालूच राहिला तर औषध म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणे. सुजेच्या जागी एकदा व्रण तयार झाला की तो परत मऊ होत नाही. त्यानंतरची औषधे बिघाडाची गती कमी करतात, गेलेले परत देत नाहीत. शेवटी काही जणांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचे यंत्र येते आणि घराचे विजेचे बिल त्याच्यावर ठरू लागते.

इथे डॉक्टर सांगतो, "कबुतरांपासून लांब राहा," आणि रुग्ण हसतो. कर्ज काढून घेतलेले वन बीएचके सोडून जायचे कुठे? तो स्वतः दाणे टाकत नाही. दाणे टाकतात चौथ्या मजल्यावरचे काका किंवा गच्चीवर रोज सकाळी ज्वारी पसरणारी मंडळी. भाव चांगला असतो, घरात तीच शिकवण झालेली असते. पण दाणे चौथ्या मजल्यावर पडतात आणि घरटी तिसऱ्यावर होतात. या आजारात अर्धे औषध शेजाऱ्याच्या हातात असते आणि त्याची चिठ्ठी कोणताही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही.

म्हणून सोसायटीच्या सभेत हा विषय आला की तो श्रद्धा विरुद्ध स्वच्छता असा होऊ देऊ नये. २०२५ च्या जुलैत मुंबईतील ५१ कबूतरखाने बंद करण्याचे सरकारने विधान परिषदेत जाहीर केले, ऑगस्टच्या सुरुवातीला दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री चढली आणि आंदोलकांनी ती ओढून काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला प्राधान्य दिले ते योग्यच झाले. पण त्या गदारोळात असा समज पसरला की प्रश्न मोठ्या कबूतरखान्यांचा आहे. ठाणे-डोंबिवलीत तो गच्चीगच्चीवरचा आहे आणि तिथे ताडपत्री घालायला कोणी येणार नाही.

दाण्यांचा आणि संख्येचा संबंध किती थेट आहे, हे स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने पाहिले. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले गेले. संख्या होती तिथेच राहिली, कारण रिकामी झालेली जागा भरायला अन्न शिल्लक होते. १९८८ पासून मार्ग बदलला. फार दाणे टाकल्याने पक्ष्यांची दाटी होते, त्यांच्यात रोगराई वाढते, पिलांचे हाल होतात, हे नागरिकांना समजावून सांगितले गेले. काही मोजकी देखरेखीतली खुराडी ठेवली आणि तिथली अंडी काढून घेतली. चार-पाच वर्षांत संख्या निम्म्यावर आली. तिथे लोकांना पक्ष्यांवरचे प्रेम सोडायला कोणी सांगितले नव्हते. आपल्याकडेही चौथ्या मजल्यावरच्या काकांशी बोलण्याची सुरुवात नोटिशीने होऊ नये. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा स्कॅन त्यांना दाखवला, तर ते बहुधा ऐकतील. निदान आधी तो प्रयत्न व्हावा.

आता पुन्हा त्या दोन अंड्यांकडे. घरात सगळे धडधाकट असतील आणि अंडी उबवली जात असतील किंवा पिले असतील, तर आजींचे ऐकावे. खिडकी बंद ठेवावी, त्या बाजूचा एसी लावू नये आणि दीड महिना थांबावे. पिलू उचलून खोक्यात ठेवून दूध-भात भरवणे ही दया नव्हे. त्याचे खाद्य फक्त त्याच्या आईबापांच्या गळ्यात तयार होते. मात्र थांबण्याला तारीख हवी. पिले उडाली की त्याच दिवशी जागा साफ करून फट बंद करावी, कारण आठवडाभर उशीर झाला तर पुढची अंडी पडलेली असतील. नुसत्या काटक्या दिसल्या असतील तर थांबायचे कारणच नाही. जाळी लावायची तर ती ताणून, कडेला फट न ठेवता लावावी. ढिल्या जाळीत पारवे अडकून मरतात आणि डक्टमध्ये कुजतात.

घरात फुप्फुसाचा रुग्ण असेल तर हा नियम बदलतो. तिथे अंड्यांसाठीही थांबू नये. पिले असतील तर प्राणिमित्र संस्थेला बोलवावे आणि घरटे हलवावे. घरटे गेले तरी भुकटी पडद्यांवर, माळ्यावर, गाद्यांवर महिनोन्महिने राहते, तेव्हा तेही धुऊन-पुसून घ्यावे लागते. साफसफाईच्या वेळी रुग्णाने घरात थांबूच नये.

साफ कसे करायचे, हा प्रश्न सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि तिथेच चूक होते. कोरडे झाडायचे नाही, खरवडायचे नाही. साबणाचे पाणी शिंपडून अर्धा तास भिजू द्यायचे, ओला लगदा गोळा करून पिशवीत बांधायचा, जागा पुन्हा पुसायची. हातात मोजे, तोंडावर एन-९५ मास्क, काम झाल्यावर अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे. बहुतेक घरांत हे काम घरकामाला येणाऱ्या मावशींना सांगितले जाते आणि त्या पदराचे टोक नाकाला लावून केरसुणी हातात घेतात. डक्ट साफ करायला सोसायटी ज्यांना बोलावते, त्यांच्या तोंडाला तर रुमालही नसतो. पदर आणि रुमाल या भुकटीला अडवत नाहीत. त्यांच्यासाठी मास्क आणि मोज्यांचा खर्च सोसायटीने जाळीच्या कोटेशनमध्येच धरावा.