पडद्याचें गणित

मिरजेच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारिलें आहे कीं, त्यांच्या कन्येनें शिवणाचा एक वर्षाचा अभ्यास पुरा केला असून पोलकीं-परकर शिवण्यापेक्षां पडदे शिवण्याचा धंदा करावा असें तिच्या मनांत आहे. तरी हा धंदा आपल्यासारख्या घरांतील मुलीस कितपत शोभेल, आणि त्याचें पुढील शिक्षण कसें घ्यावें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हीं गमावलेला आहे. दोन वर्षांपूर्वीं हाच प्रश्न आमच्या घरांत उपस्थित झाला, तेव्हां आम्हीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें होतें.

आमच्या धाकट्या बंधूंची सूनबाई वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. मूल शाळेंत जाऊं लागल्यावर तिनें पडद्यांच्या एका दुकानांत कारागिराच्या हाताखालीं काम शिकण्याची परवानगी मागितली. "शिंप्याचेंच काम करावयाचें होतें, तर पदवी कशाला घेतली?" असें आम्ही बोलून गेलों. ती कांहींच बोलली नाहीं. सायंकाळीं नेहमीप्रमाणें आम्ही देवघरांत नामदेवरायांचा अभंग म्हणूं लागतों तों सौभाग्यवतींनीं शांतपणें विचारिलें, "ज्यांचा अभंग म्हणतां आहां, त्यांच्या घरीं कोणता व्यवसाय होता बरें?" अभंग पुरा झाला खरा, पण आमचा ताल चुकला. दुसऱ्या दिवशीं सूनबाई कामावर गेली.

वास्तविक संस्कृत शिकलेल्या मनुष्यानें तरी पडद्यास नाक मुरडूं नये. अमरकोशांत त्याला प्रतिसीरा, जवनिका आणि तिरस्करिणी अशीं तीन नांवें दिलीं आहेत. कालिदासानें हिमालयाच्या गुहांच्या दारांवर मेघांचेच पडदे सोडले आहेत. 'यवनिका' या रूपावरून तर कांहीं पाश्चात्य पंडितांनीं आपलें सबंध नाटकच ग्रीकांकडून आलें असें ठरविण्याचा खटाटोप केला! एका पडद्यानें एवढें रण माजविलें. असो. कोशांत सांपडत नाहीं अशी गोष्ट ही कीं, पडदा शिवण्यांत शिवण थोडें आणि गणित फार.

आम्हांला वाटे, चौकोनी कापड, चार बाजूंनीं दुमडलें कीं झाला पडदा. सूनबाईनें पहिले तीन महिने यंत्राला हातसुद्धां लावला नाहीं. तिच्याकडून केवळ मापें घेवविलीं. माप पोलादी टेपेनें घ्यावयाचें, कारण कापडी टेप वापरानें ताणते. रुंदी वर, मध्यें आणि खालीं अशी तीन ठिकाणीं मोजावयाची, उंचीहि तशीच. कारण घर कितीहि नवें असो, भिंत काटकोनांत असेलच असें नाहीं. (ही गोष्ट आम्हांस भूमिति शिकवितांना माहीत असती, तर मुलांस एक चांगला धडा देतां आला असता.) दांडी खिडकीपेक्षां दोन्ही बाजूंस सहा सहा इंच जास्त ठेवावयाची, म्हणजे पडदे सारल्यावर उजेड अडत नाहीं. आणि कापडाची एकूण रुंदी दांडीच्या सुमारें दुप्पट धरावयाची; नाहीं तर चुण्या पडत नाहींत आणि पडदा वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसतो.

त्यापुढें कापडाचे स्वभाव. सुती कापड धुतल्यावर आटतें, म्हणून तें आधींच भिजवावें, नाहीं तर तेवढी लांबी जास्त धरावी. मखमलीची लव सर्व पटांत एकाच दिशेस हवी. एक पट उलटा लागला तर दोन रंगांचीं कापडें जोडल्यासारखें दिसतें. विरळ विणीचें कापड टांगल्यावर खालीं उतरतें; तें एक दिवस तसेंच लोंबत ठेवून मग खालची दुमड घालावी. कड्यांचा पडदा असेल तर भोकें समसंख्य पाडावींत, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. अस्तर, बकरम, हातशिलाई हें सर्व पुढें हळूहळू येतें.

आतां एक हिशेब मांडतों, कारण त्यांतच आमच्या घरचें एक प्रकरण गुंतलें आहे.

आठ महिन्यांनीं सूनबाईस स्वतःचें पहिलें काम मिळालें. दांडी ८० इंच, पडद्याची तयार लांबी ८४ इंच. खालची चार इंची दुहेरी दुमड म्हणजे ८ इंच, वरच्या पट्टीसाठीं ४ इंच. एकूण एक पट ९६ इंचांचा. कापडाचा पन्हा ४८ इंच. तीन पट घेतले तर कडा आणि जोड वजा जातां चुण्या अपुऱ्या पडतात, म्हणून चार पट, प्रत्येक बाजूस दोन. चार पट म्हणजे ३८४ इंच, सुमारें पावणेदहा मीटर. तिनें हा आंकडा बाईंस सांगितला आणि बाईंनीं चारशें रुपये मीटरचें सुरेख कापड आणून दिलें. त्यावर कमळांची वेल होती. एक कमळ संपून दुसरें येण्यास २५ इंच लागत होते.

गणिताच्या शिक्षकांच्या ध्यानांत घोटाळा आलाच असेल. ९६ ला २५ नें निःशेष भाग जात नाहीं. नक्षीच्या कापडाचा पट नक्षीच्या पुढल्या पूर्ण पटीपर्यंत वाढवून धरावा लागतो. येथें शंभर इंचांपर्यंत. म्हणजे कापड सव्वादहा मीटर हवें होतें. सूनबाईनें मात्र एकापाठोपाठ एक असे चारहि पट कापले. जमिनीवर शेजारीं शेजारीं मांडल्यावर दिसलें कीं, दुसऱ्या पटांतील कमळ पहिल्याच्या चार इंच खालीं, तिसऱ्यांतील आठ इंच, चौथ्यांतील बारा. कमळें जिना उतरत होतीं. वरून कापून जुळवावें तर पडदा एक फूट तोकडा होत होता.

ती रात्र आमच्या घरांत बरी गेली नाहीं. सासूबाईंचें म्हणणें, "झालें तेवढें पुरे, आतां हें बंद करा." पुतण्याचें म्हणणें, "पडद्याला चुण्या पडतात, त्यांत कोणाच्या लक्षांत येतें?" विशेष म्हणजे त्या ग्राहक बाईंनींहि दुसऱ्या दिवशीं पाहून "चालेल हो, शिवून टाका" असेंच म्हटलें. तिची शिलाई पटास दीडशें रुपये, म्हणजे एकूण सहाशें. आणि नवें कापड घ्यावयाचें तर एकेचाळीसशें. सासऱ्यांनीं पैसे पुढें केले, ते तिनें घेतले नाहींत. आपल्या जवळच्या पैशांतून तेंच कापड सव्वादहा मीटर आणलें, पुन्हां कापलें आणि सांगितलेल्या दिवशीं पडदे लावून आली. अशीं सात कामें केलीं तेव्हां कोठें ती तूट भरून निघाली.

मग एके दिवशीं ती आम्हांस म्हणाली, "अण्णा, पंचवीस चोक शंभर हें तुम्हीं जन्मभर लोकांच्या मुलांकडून घोकून घेतलेंत. माझी वही एकदां पाहिली असतीत तर?" तिनें हें हंसत म्हटलें, परंतु आम्हांस तें लागलें. आम्हीं तिची वही कधीं मागितलीच नव्हती. तेव्हांपासून कापड कापण्यापूर्वीं हिशेब आमच्या टेबलावर येतो. आजवर तींत आम्हांला एकच चूक सांपडली आहे, आणि तीहि आमच्याच बेरजेची निघाली.

मिरजेच्या भगिनींस शिक्षणाविषयीं एवढेंच सांगतों. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणाचा जो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यानें यंत्रावर हात चांगला बसतो. परंतु तेथें भर पोशाखांवर असतो. पडदा शिकावयाचा तर कारागिराजवळ निदान सहा महिने काढावेत, आणि ग्राहकांच्या घरीं मापें घेण्यास त्याच्याबरोबर जाण्याची अट आधींच घालावी. दुकानांत बसून केवळ दुमडी घालणारी मुलगी दहा वर्षांनींहि दुमडीच घालीत राहते. पहिलीं दोन-तीन कामें आपल्या घरचीं करावींत, म्हणजे चुकीची किंमत आपल्याच घरांत राहते. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तींत प्रशिक्षणाच्या काळांत दिवसास ५०० रुपये, अवजारांसाठीं १५ हजारांपर्यंत साहाय्य आणि पांच टक्के व्याजानें कर्ज ठेविलें आहे. घरांत कोणी सरकारी नोकरींत असल्यास मात्र तिचा लाभ मिळत नाहीं, म्हणून आधीं नीट चौकशी करावी.

जिना उतरणारीं तीं कमळें वाया गेलीं नाहींत. सूनबाईनें त्यांचे चार आखूड पडदे करून आमच्या पुस्तकांच्या कपाटांवर सोडले आहेत. पाहुणे विचारतात, तेव्हां सासूबाईच सबंध हकीगत सांगतात, आणि सांगतांना कापडाची किंमत थोडी वाढवून सांगतात. येत्या रविवारीं एका मंगल कार्यालयाच्या मोठ्या दालनाचें माप घ्यावयाचें आहे. खिडक्या अकरा आहेत. टेपेचें दुसरें टोक धरण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें आहे.