समुद्रावरचं ताट



सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच प्रश्न असतो, "यंदा कुठं जायचं?" कुणी आजोळी जातं, कुणी महाबळेश्वरला. हल्ली काही घरांत एक नवंच उत्तर ऐकू येतं. क्रूझ! मुंबई बंदरातून मोठं जहाज निघतं आणि गोव्याला किंवा लक्षद्वीपकडे जाऊन परत येतं. जहाज कसलं, पाण्यावर तरंगणारं गावच ते. पोहायचा तलाव, नाटकघर, खेळायच्या जागा, आणि जेवण तर विचारूच नका. सकाळी न्याहारीला बसलेली पंगत रात्रीपर्यंत उठतच नाही म्हणा ना!

या पंगतीत बसायचं तर एक गोष्ट आधी शिकून घ्यायला हवी. ती म्हणजे नीट "नको" म्हणणं. हसू आलं ना? "नको म्हणायला काय शिकायचं, बाई? आम्ही रोज कारल्याच्या भाजीला म्हणतो की!" थांबा, थांबा. आज आपण कारल्याबद्दल बोलत नाही आहोत.

समजा, एक कुटुंब जहाजावर निघालं आहे. आई, बाबा, आजी, आठवीतली ताई आणि दुसरीतला छोटू. ताईनं ठरवलंय की प्राण्यांपासून मिळणारं काही खायचं नाही. म्हणजे ती व्हीगन आहे. छोटूला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आणि आजीची नेमकी त्याच दिवशी एकादशी! वाढपी येतो. ताई म्हणते, "तूप नको." छोटू म्हणतो, "दाणे नकोत." आजी म्हणते, "मला फक्त उपासाचं." आजीसाठी साबुदाण्याची खिचडी येते. तिच्यात काय असतं? दाण्याचा कूट! आजीला जे चालतं तेच नेमकं छोटूला धोक्याचं. आता सांगा, या तिघांचं "नको" सारखंच आहे का?

ताईचं "नको" मनातून आलेलं आहे. इंग्लंडमध्ये 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संस्था काढली आणि अशा आहाराला "व्हीगन" हे नाव दिलं. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, पनीर आणि मधसुद्धा नाही. चुकून चमचाभर तूप पोटात गेलं तर ताईला वाईट वाटेल. कदाचित डोळ्यांत पाणी येईल. पण ती त्यानं आजारी पडणार नाही.

छोटूचं "नको" शरीरातून आलेलं आहे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे शिपाई असतात. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे शिपाई बिचाऱ्या शेंगदाण्यालाच शत्रू समजतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. या लढाईत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. कधी घसा आवळतो, श्वास घेता येत नाही. अशा वेळी जिवावरसुद्धा बेतू शकतं. त्यासाठी मूठभर दाणे लागतात असं मुळीच नाही. काही मुलांना कणभरही पुरतो.

गंमत अशी, की या गोष्टीचा शोधही एका सागरसफरीतूनच सुरू झाला. पावसाळ्यात जुहूच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे प्राणी वाहून येतात, पाहिलेत ना? त्यांना हात लावायचा नाही बरं का, जबर डंख बसतो. 1901 साली मोनॅको या चिमुकल्या देशाचा राजा, पहिला आल्बर्ट, आपल्या बोटीवरून समुद्राच्या सफरीला निघाला. त्याच्याबरोबर शार्ल रीशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. त्यांनी या निळ्या फुग्यांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी सी अ‍ॅनिमोन नावाच्या दुसऱ्या एका समुद्री जिवाचं विष कुत्र्यांवर तपासलं. त्यांना वाटलं, आधी थोडं विष दिलं की कुत्र्याला त्याची सवय होईल. झालं उलटंच! नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा अगदी थोडं विष दिलं, आणि अर्ध्या तासाच्या आत तो दगावला. शरीर सवय करून घेण्याऐवजी जास्तच चवताळलं होतं. 1902 मध्ये त्यांनी या प्रकाराला "अ‍ॅनाफिलॅक्सिस" हे नाव दिलं. रीशे यांना 1913 चं नोबेल पारितोषिक मिळालं. "अ‍ॅलर्जी" हा शब्द 1906 साली व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनी तयार केला.

म्हणून, "थोडं खाल्लं तर काय होतंय? खाऊन खाऊन सवय होईल!" असं कुणी म्हणालं तर नेपच्यूनची गोष्ट सांगा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही उपचार होतात, ते वेगळे. पंगतीत बसून असे प्रयोग करायचे नसतात.

आता चला जहाजावर. तिथं काय काय करायचं?

पहिलं काम घरूनच. तिकीट काढतानाच आईबाबांनी कंपनीला लेखी कळवायचं, की आमच्याकडे एक व्हीगन आहे आणि एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. भर समुद्रात आयत्या वेळी सोया दूध आणायला कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नसतं!

दुसरं, औषधाची पिशवी हातात ठेवायची. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि खोलीत पोचायला त्यांना काही तास लागू शकतात. छोटूचं इंजेक्शन त्या बॅगेत अडकून कसं चालेल? गोव्याला उतरून फिरायला गेलात तरी पिशवी बरोबर हवी. जहाजावर डॉक्टर असतात, पण ते काही तुमच्यामागून किनाऱ्यावर येत नाहीत.

तिसरं, पहिल्याच दिवशी मुख्य वाढप्याला भेटायचं. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सगळ्या प्रवाशांची एक कवायत होते, तिला मस्टर ड्रिल म्हणतात. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं, ते त्यात सांगतात. जहाज बुडणार म्हणून काही ती करत नाहीत. वेळ आलीच तर गोंधळ होऊ नये म्हणून करतात. तशीच आपण जेवणाची कवायत करायची. "उद्याचे पदार्थ आजच सांगाल का? त्यात काय काय घालता?" असं विचारायचं. जहाजांच्या स्वयंपाकघरांत गोव्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. कुणी सांगावं, तुमच्याशी मराठीत किंवा कोकणीत बोलणारे काकाच भेटतील! पण वाढपी परदेशी असला तर "दाणे" म्हणून त्याला काय कळणार? म्हणून एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यायचं. मराठीत शेंगदाणा, हिंदीत मूँगफली, इंग्रजीत पीनट. शेंगदाण्याचं चित्रही काढा, म्हणजे भाषेचा प्रश्नच मिटला.

चौथं, बुफेपासून सावध. बुफे म्हणजे आपण आपलं वाढून घ्यायचं. तिथं शेंगदाण्याच्या चटणीचा चमचा कुणीतरी सहज काकडीच्या कोशिंबिरीत घालतं. भज्यांच्या कढईत आधी काय तळलं होतं कुणास ठाऊक! अ‍ॅलर्जी असलेल्यांनी स्वयंपाकघरातून वेगळं वाढलेलं ताटच मागवावं.

पाचवं, पदार्थाच्या नावावर जाऊ नका. काही पदार्थ मोठे लबाड असतात. नानच्या पिठात दही किंवा दूध असू शकतं, म्हणजे ताईची पंचाईत. पंजाबी भाजीच्या दाट रश्श्यात बहुतेक वेळा काजू वाटलेले असतात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. इतकंच काय, आपल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ज्याला गहू चालत नाही त्याला आमटीची फोडणीही भोवू शकते, आहे की नाही? थायलंडच्या पद्धतीच्या भाजीत वाळवलेली कोळंबी वाटलेली असू शकते.

आता एक कोडं. जैन जेवण व्हीगन असतं का? नाही! जैन ताटात कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण दूधतूप असू शकतं. ताईला कांदा चालतो, तूप चालत नाही. दुसरं कोडं. व्हीगन केक छोटूला चालेल का? विचारल्याशिवाय नाही! दूध, लोणी नसलेल्या मिठायांत बदाम, काजू, दाणे हमखास वापरतात. ताईचा केक छोटूला उष्टासुद्धा द्यायचा नाही.

पाकिटावरचा हिरवा ठिपकाही नीट समजून घ्या. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या देशात 2022 च्या नियमांप्रमाणे वेगळी खूण आहे. हिरव्या चौकोनात इंग्रजी "व्ही" अक्षर आणि त्यावर छोटंसं पान. अ‍ॅलर्जीसाठी मात्र खुणा नव्हे, अक्षरं वाचायची. गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व इतर कठीण कवचाची फळं, सोयाबीन यांपैकी काही पदार्थात असेल तर ते पाकिटावर लिहावं लागतं. "कंटेन्स" असेल तर ते आहेच. "मे कंटेन" असेल तर चुकून आलेलं असू शकतं. छोटूनं दोन्हींना रामराम ठोकायचा.

ही अक्षरं किती मोलाची आहेत ते ऐका. 2016 साली नताशा एडनान-लापरूझ नावाची पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून फ्रान्सला विमानानं निघाली होती. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती. विमानतळावर घेतलेल्या पावाचं वेष्टण तिनं पाहिलं. त्यावर तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पिठातच होते. विमानात तिला त्रास सुरू झाला आणि ती वाचू शकली नाही. तिच्या आईवडिलांनी दुःख गिळून लढा दिला, आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनमध्ये दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या अशा खाद्यपदार्थांवर सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. लोक त्या कायद्याला नताशाचा कायदाच म्हणतात. विमान असो की जहाज, इस्पितळ दूर असतं. म्हणून घास तोंडात जाण्याआधीच विचारायचं.

आणि एक अगदी महत्त्वाचं. जहाजावर कुणाला उलटी झाली की सगळे म्हणतात, "बोट लागली असेल, पडून राहा जरा." पुष्कळदा ते खरंही असतं. पण जेवणानंतर थोड्याच वेळात उलटी झाली आणि त्याबरोबर अंगावर गांधी, ओठांना सूज, खोकला, आवाज घोगरा किंवा चक्कर यातलं काही असेल, तर ती बोट लागलेली नाही असं समजून चालायचं. लगेच मोठ्यांना हाक मारा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते शिकवल्याप्रमाणे मांडीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्यांनी ताबडतोब द्यायचं. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबायचं नाही. मुलाला आडवं ठेवायचं. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवत न्यायचं नाही. डॉक्टरांना खोलीत बोलवायचं. इंजेक्शननं बरं वाटलं तरी डॉक्टरांनी तपासायलाच हवं. आणीबाणीचा नंबर खोलीतल्या फोनजवळ असतो, तो पहिल्याच दिवशी पाठ करून टाका.

आता ज्यांना सगळं चालतं त्या माझ्या दोस्तांसाठी. छोटूसारख्या मुलाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ठाऊक आहे? दाण्यांची नव्हे, हसण्याची! "याचे फारच नखरे बाबा!" असं कुणी म्हणू नये म्हणून तो गप्प बसतो, विचारत नाही आणि समोर आलेलं खाऊन टाकतो. तुमचं एक हसू त्याला केवढ्याला पडेल, विचार करा. उलट तुम्हीच वाढप्याला म्हणालात, "काका, यात शेंगदाणे आहेत का हो? माझ्या मित्राला चालत नाहीत," तर? त्याला किती बळ येईल! आणि ताईला "एक घास खाल्ल्यानं काय होतंय?" असा आग्रह नको. तिच्या मनाचा मान राखा. वाटलंच तर तिच्यासाठी सोलकढी शोधा. कोकम आणि नारळाचं दूध, दह्याचा थेंब नाही. तरी विचारून घ्यायचं, हं!

पालकांसाठी दोन शब्द. दूध पचत नसणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलाला नेमकं काय आहे हे डॉक्टरांकडून तपासून, कागदावर लिहून घ्या. मूल व्हीगन असेल तर चार दिवसांच्या सहलीत काही बिघडत नाही. एरवी मात्र बी 12 जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. ते वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, आणि वाढत्या वयात त्याची फार गरज असते. आणि मूल पंगतीत प्रश्न विचारू लागलं की "गप्प बस, लोक काय म्हणतील" असं म्हणू नका. त्याला विचारू द्या.

या आठवड्याचा उद्योग : स्वयंपाकघरातली पाच पाकिटं घ्या. प्रत्येकावर शेंगदाणे, दूध किंवा गहू लिहिलंय का ते शोधा आणि वहीत तक्ता करा. हिंगाची डबी विसरू नका. मग वर्गात विचारा, "कुणाला काय चालत नाही?" उत्तरं नीट ऐका आणि लक्षात ठेवा. पुढच्या वेळी डबा वाटून खाताना तुम्हाला ती नक्की आठवतील.

तुमच्या
बाई