स्थूलता : दोष कोणाचा, उपचार कोणाला?

स्थूलता म्हणजे सुखवस्तूंचे दुखणे, ही समजूत आपल्या कार्यकर्त्यांमध्येही खोलवर रुजलेली आहे. म्हणूनच स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा विषय निघताच उपहासाचे हसू उमटते. हा उपहास अनाठायी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनाचे आढळले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. या दोन आकड्यांत विसंगती नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की, आपल्याकडील अर्भक इंग्लंडमधील अर्भकापेक्षा वजनाने पुष्कळ कमी असते, पण त्याच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहते. सडपातळ दिसणाऱ्या मजुरालाही मधुमेह गाठतो, तो उगाच नव्हे.

जठर लहान करून ते आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन व चिकाओ इटो यांनी सुरू केली. त्याआधीच्या, आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या पद्धतीने अनेकांची यकृते निकामी झाली व ती मागे पडली. नव्या पद्धतीत अन्न पुढील आतड्यात लवकर पोहोचते, भूक व इन्शुलिन यांवर प्रभाव असणारी संप्रेरके वाढतात आणि पुष्कळ मधुमेहींची साखर वजन उतरण्यापूर्वीच खाली येते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा तीव्र स्थूलतेला केवळ मनोनिग्रहाचा अभाव म्हणणे अशास्त्रीय आहे.

प्रश्न आहे तो हा उपचार कोणाच्या वाट्याला येतो, हा. विमा नियामकाच्या २०१९ च्या निर्देशांनी विमाधारकांसाठी काही अटींवर वाट मोकळी केली. ज्याच्याजवळ विमाच नाही, त्याचे काय? शिवाय शस्त्रक्रियेने उपचार संपत नाही. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि रक्ततपासणी ही जन्माची सोबत असते. रोजंदारी बुडवून वारंवार शहर गाठणाऱ्याला ती कशी झेपावी?

म्हणून मागणी दुहेरी हवी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची देखरेख विनामूल्य मिळाली पाहिजे. त्याचबरोबर गर्भवतीच्या ताटात सकस अन्न आणि साखर-तेलाने भरलेल्या पाकिटांच्या दर्शनी बाजूस ठळक इशारा हवा. सुरी काहींना वाचवील. पिढीला वाचवायचे तर ताटापासूनच आरंभ केला पाहिजे.