टोकियोला जाताना औषधांची पिशवी भरण्याआधी

गेल्या आठवड्यात एक काकू दवाखान्यात आल्या आणि त्यांनी एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. लेकीचं लग्न होऊन दोन महिने झालेत, जावई टोकियोत सॉफ्टवेअर कंपनीत, लेक पंधरा दिवसांत निघणार. "डॉक्टर, वर्षभर पुरेल ना एवढं? तिथल्या डॉक्टरांना म्हणे इंग्रजी येत नाही." पिशवीत सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, तीन प्रकारची अँटिबायोटिक्स, डोकेदुखीच्या दहा पट्ट्या आणि लेकीच्या थायरॉइडच्या गोळ्यांच्या चार बाटल्या होत्या.

मी निम्म्याहून जास्त पिशवी परत केली. तुमच्या घरातही अशी पिशवी भरली जात असेल, म्हणून कारण सांगतो.

जपानमध्ये औषधं नेण्याचे नियम कडक आहेत. आपल्याकडे सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते औषध तिथे नेता येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं स्वतःसाठी एक महिना पुरतील एवढी नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी अर्ज करून परवानगीचं पत्र घ्यावं लागतं. आणि ही सूट स्वतःच्या औषधांसाठी असते. 'शेजारचा मुलगा चाललाय, त्याच्याबरोबर चार पट्ट्या देते' हे त्यात बसत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी जपानच्या आरोग्य मंत्रालयाची माहिती एकदा वाचाच.

वर्षभराचा साठा नेण्याची गरजही नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालाही तिथे आरोग्य विमा घ्यावाच लागतो. नोकरदाराच्या विम्यात त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी किंवा पती येतात आणि साधारणपणे बिलाच्या तीस टक्के आपल्या खिशातून जातात. थायरॉइडची गोळी तिथेही मिळते. फक्त आपला ब्रँड तिथल्या डॉक्टरांना कळणार नाही, म्हणून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा इंग्रजीत टाइप केलेलं पत्र तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. तिथल्या औषधाच्या दुकानात एक छोटी वही मिळते, 'ओकुसुरी तेचो'. दिलेलं प्रत्येक औषध त्यात नोंदलं जातं. ही पद्धत आपल्याकडे आली तर माझं निम्मं काम हलकं होईल.

थायरॉइडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथलं साधं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या पाण्यात, म्हणजे 'दाशी'त केलेलं असतं. शाकाहारी माणसाला मग कोम्बू या समुद्री शेवाळाची दाशी सुचवली जाते. कोम्बूत आयोडीन भरपूर असतं. कधीतरी खाल्लं तर बिघडत नाही, पण रोज वाटीभर होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

एवढं ऐकून काकूंचं समाधान झालं. पण मला खरी काळजी वाटत होती ती डोकेदुखीच्या दहा पट्ट्यांची, आणि त्याचं कारण माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी पेशंट टोकियोहून दिवाळीला आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) इथे ती शाळेत शिकवायची. तिथे जाऊन आठ महिने झाले होते. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, वजन सहा किलो वाढलंय. मी रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं ठीक आलं. मी म्हणालो, "नवीन देश आहे, होईल हळूहळू सवय." आणि डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर वेटिंग रूम भरलेली होती, हे कारण आहे, सबब नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली तेव्हा डोकं रोज दुखत होतं आणि गोळीही रोज चालू होती. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली, आणि असं काही महिने चाललं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवसही पुरतात. गोळी घेतली की तात्पुरतं थांबतं, असर उतरला की पुन्हा दुखतं, म्हणून माणूस पुन्हा गोळी घेतो. माझ्या चिठ्ठीने सुरू झालेलं हे चक्र तिच्या आईने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पट्ट्या पाठवून चालू ठेवलं होतं. दोघांचाही हेतू चांगला होता.

त्या दिवशी मी तिला वेगळा प्रश्न विचारला. सकाळी नवरा कामावर गेल्यापासून तो परत येईपर्यंत तू काय करतेस?

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने कचऱ्याची गोष्ट सांगितली. टोकियोत जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, डबे असं सगळं वेगळं करून ठरलेल्या दिवशी ठेवायचं असतं. पहिल्या महिन्यात तिने ठेवलेली पिशवी उचलली गेली नाही. वर एक स्टिकर चिकटवलेलं होतं, जपानीत. तिला वाटलं, शेजाऱ्यांनी तक्रार केली. ती पिशवी तिने घरात आणली आणि नंतर कचरा ठेवायचं काम नवऱ्यावर सोपवलं. मग दुकानात पाकिटावरचं वाचता येत नाही म्हणून सामान ऑनलाइन येऊ लागलं. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर काय बोलायचं, म्हणून ती लोकांची ये-जा थांबल्यावरच बाहेर पडायची. नंतर तेही थांबलं. नवरा रात्री नऊला यायचा. त्या स्टिकरवर 'आज या कचऱ्याचा दिवस नाही' एवढंच लिहिलं होतं, हे तिला वर्षभराने कळलं.

दिवसभर बोलायला फक्त फोन. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. इथे जेवणं आटोपून रात्री दहाला आई निवांत फोन लावायची, तेव्हा तिकडे दीड वाजलेला असायचा. जूनमध्ये तिथे साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो आणि पातळ पडद्यातून उजेड आत येतो. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडायला लागतो. आपल्या शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लावलं जातं. उशिरा झोपायचं आणि सकाळचा बाहेरचा उजेड अंगावर घ्यायचाच नाही, असं महिनोन् महिने झालं तर झोप, भूक आणि मूड तिन्ही बिघडतात. डोकं, छाती, पोट ही दुखणी त्यातूनही येतात. ती खोटी नसतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखत नाही असा अर्थ होत नाही.

'होईल सवय' या वाक्याला शास्त्राचा आधार असल्यासारखं आपण ते वापरतो. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली परदेशी गेलेल्या माणसाचे टप्पे मांडले होते. आधी कौतुक, मग वैताग, मग हळूहळू रुळणं. पण माणूस बाहेर पडतो, लोकांत चुकतो, शिकतो, तेव्हा तो रुळतो. घरात बसून दिवस गेले म्हणून आपोआप काही होत नाही. ज्याला नोकरी आहे त्याला ऑफिस, कॅन्टीन, लोकल हे सगळं ढकलत पुढे नेतं. बरोबर गेलेल्या माणसाला ढकलणारं कुणी नसतं. हा माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा बायको असते, पण गेल्या काही वर्षांत मी असे दोन नवरेही पाहिलेत, आणि त्यांना तर हे बोलून दाखवायचीही चोरी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की परदेशी जाण्याआधीची खरी तपासणी बरोबर जाणाऱ्याची व्हायला हवी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ आणि ड जीवनसत्त्व इथेच बघून घ्या, कारण थकवा यांच्यामुळेही येतो आणि मग सगळं 'एकटेपणा' म्हणून सोडून दिलं जातं. आणि तिकिटाआधी दोघांनी बसून ठरवा, की आठवड्यातले कोणते दिवस, किती वाजता, कशासाठी ती घराबाहेर पडणार. 'बघू तिथे गेल्यावर' चालणार नाही. टोकियोत अनेक वॉर्डांत स्वयंसेवक अगदी कमी पैशांत जपानी शिकवतात. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्याला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, हे कितीतरी जोडप्यांना माहीतच नसतं.

भारतीय वस्तीत घर घ्यावं का, असं मला विचारतात. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत आपली बरीच माणसं आहेत. अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. पहिलं वर्ष अशा ठिकाणी काढावं असं मला वाटतं. भाषा शिकायचा कंटाळा येतो हा तोटा आहे, पण डोकं दुखतंय हे मराठीत सांगायला कुणी असणं मोठं आहे.

मागे राहिलेल्या आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना एक सांगतो. फोन करा, पण तिच्या घड्याळाने. 'जेवलीस का' याबरोबर 'आज कुठे जाऊन आलीस' हेही विचारा. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नाही किंवा मन सतत उदास आहे असं ती सांगत असेल, तर थट्टेवारी नेऊ नका. ती तिथल्या किंवा इथल्या डॉक्टरांशी बोलेल असं बघा. 'जगणं नको वाटतं' असं कानावर आलं तर त्याच दिवशी.

माझ्या त्या पेशंटच्या गोळ्या बंद केल्या. पहिले दहा-बारा दिवस डोकं आणखी दुखलं, तसं होतं. आता ती आठवड्यातून तीन दिवस एका दुकानात काम करते. टोकियो तिला अजूनही फारसं आवडत नाही. कचरा मात्र तीच ठेवते.

काकूंच्या लेकीला मी काल बोलावून घेतलं. टीएसएच व्यवस्थित आहे, बी१२ कमी आलं, ते सुरू केलं. ती वकील आहे. तिथे आपल्याला काय करता येईल याचा विचार केला नव्हता म्हणाली. नवऱ्याला फोनवर घेऊन आम्ही तिघं वीस मिनिटं बोललो. पिशवीतल्या दहा पट्ट्यांपैकी एक तिच्याकडे दिली, नऊ काकूंना परत.